आर-हॅट १.००, तरी दर वेळी वेगळं उत्तर : मिसळलेल्या चेन कशा पकडायच्या

बेझियन मॉडेलचं उत्तर सॅम्पलर नावाचा प्रोग्राम फेरीफेरीने एकेक आकडा (ड्रॉ) काढत शोधतो. ड्रॉच्या अशा एका सलग मालिकेला चेन म्हणतात. लक्षण असं. एकच डेटा, एकच मॉडेल, चार चेन. प्रत्येक पॅरामीटरपुढे आर-हॅट (चेन एकमेकींशी जुळतात का ते सांगणारा आकडा, १ च्या जवळ तेवढा चांगला) १.०० छापून येतो. ट्रेस प्लॉट (फेरीगणिक ड्रॉची रेषा) दाट आणि आडवा, चारही रंग एकमेकांत मुरलेले. रँकचे (सगळ्या ड्रॉमध्ये प्रत्येक चेनचे ड्रॉ कितव्या क्रमांकाला आहेत त्याचे) हिस्टोग्राम जवळपास सारख्या उंचीचे. आणि सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) बदलून तेच पुन्हा चालवलं की उत्तर जागेवर राहत नाही. फरक दशांशातला नसतो, चिन्हच उलटं होतं.

तुमच्याकडे हे होत असेल तर मॉडेल, प्रायर (डेटा बघण्याआधीचा अंदाज), डेटा यांना हात लावण्याआधी एक तपासा. सॅम्पलरमधून निघालेला ड्रॉ आलेखाच्या फंक्शनपर्यंत पोचतो तेव्हा तो कुठल्या चेनचा आणि कितव्या फेरीचा, ही ओळख त्याच्यासोबत असते का? आमच्या पॅकेजमध्ये ती वाटेत हरवत होती. तीन वेळा आम्ही हा दोष काढला आणि तीनही वेळा तो वेगळ्या वाटेने परत आला. शेवटी कसा गेला ते सविस्तर लिहिते, कारण मिसळलेल्या चेनवर काढलेला देखणा आलेख हा आलेखच नसण्यापेक्षा जास्त नुकसान करतो. आलेख नसेल तर वापरणाऱ्याच्या मनात शंका तरी राहते.

सुरुवात

आम्ही तिघं नागपूरला बसून आर या संख्याशास्त्राच्या भाषेत एक छोटं पॅकेज सांभाळतो. झाड, बाग, बहार अशा पायऱ्या असलेल्या डेटासाठी बेझियन मॉडेल बसवणं एवढंच त्याचं काम. सॅम्पलर गिब्ज पद्धतीचा (पॅरामीटर आळीपाळीने हलवणारा), वेगासाठी सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेला. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था दोन्ही आपल्याच शहरात, आजूबाजूला संत्र्याचा पट्टा, त्यामुळे इथे अशा डेटावर डोकं घालणारी पोरं भरपूर. आमच्याकडे येणारेही बहुतेक शेतीशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी. त्यांना बागेतलं झाड आमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. सॅम्पलरच्या पोटात काय चाललंय ते मात्र पॅकेज दाखवेल तेवढंच त्यांना दिसतं. म्हणून आपण काय दाखवतो याची जबाबदारी मला मोठी वाटते.

सुरुवातीला आम्ही फक्त तक्ता छापायचो: सरासरी, प्रमाण विचलन, आर-हॅट. मग कन्व्हर्जन्सचे, म्हणजे चेन एकाच ठिकाणी स्थिरावल्या का ते दाखवणारे, आलेख जोडले. ट्रेस, रँक, ऑटोकोरिलेशन (ड्रॉ आधीच्या ड्रॉशी किती जुळतो ते), आणि फेऱ्या वाढतील तसा आर-हॅट कसा उतरतो ते दाखवणारी रेषा. काही महिने सगळं सुरळीत वाटलं.

मग काटोलकडच्या बागांमध्ये आंबिया बहाराच्या फळगळीवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिचा प्रश्न खुंटांचा होता. नागपुरी संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावरही बांधतात आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावरही. कुठल्या खुंटावर फळगळ कमी, हे तिला हवं होतं.

“मॅडम, काल जंबेरीवरची गळ कमी येत होती, आज रंगपूरवरची कमी येऊन राहिली. मी तर काहीच बदलवलं नाही.”

“आर-हॅट किती आहे?”

“सगळीकडे एक पॉइंट शून्य शून्य. आलेख पण पाठवते ना, एकदम छान आहेत.”

आलेख खरोखर छान होते. मी अर्धा दिवस तिच्या डेटात चूक शोधत बसले, आणि तो अर्धा दिवस चुकीच्या जागी गेला.

आर-हॅट नेमकं काय मोजतो

हे थोडं सावकाश बघू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. गेलमन आणि रुबिन यांनी १९९२ साली मांडलेली कल्पना साधी आहे. अनेक चेन लांब-लांबच्या ठिकाणांहून सुरू करा. प्रत्येक चेन स्वतःच्या आत किती पसरली आहे ते मोजा, आणि चेनच्या सरासऱ्या एकमेकींपासून किती दूर आहेत तेही मोजा. सगळ्या चेन एकाच ठिकाणी फिरत असतील तर दुसरा आकडा पहिल्यापुढे नगण्य होतो आणि गुणोत्तर १ कडे येतं.

हातानेच करू. चार चेन घ्या, प्रत्येकीत १,००० ड्रॉ. चेनच्या सरासऱ्या ०, १, २, ३ आणि प्रत्येकीचा आतला व्हेरियन्स (पसाऱ्याचं माप) १. म्हणजे चारही चेन वेगवेगळ्या उंचीवर अडकलेल्या, सपशेल नापास. आतला व्हेरियन्स १. सरासऱ्यांचा आपसातला व्हेरियन्स ५ भागिले ३, म्हणजे १.६७. दोन्हींची बेरीज २.६७, तिला आतल्या १ ने भागून वर्गमूळ घेतलं की १.६३. आर-हॅट १.६३ आला तर कोणीही थांबेल.

आता हेच ४,००० ड्रॉ चार स्तंभांत असे पिसा की प्रत्येक स्तंभात चारही चेनचा सारखा वाटा पडेल. प्रत्येक स्तंभाची सरासरी १.५ झाली. आतला व्हेरियन्स वाढून २.२५ झाला, कारण चेनमधलं अंतर आता स्तंभाच्या पोटात शिरलं. स्तंभा-स्तंभात फरक उरला नाही. आर-हॅट १.००.

आकडे तेच, फक्त मांडणी बदलली, आणि १.६३ चा १.०० झाला.

मिसळ कुठे होते

आमच्या सी-प्लस-प्लसमध्ये बाहेरचा लूप फेऱ्यांचा होता आणि आतला चेनचा. त्यामुळे एका लांब व्हेक्टरमध्ये आधी पहिल्या फेरीचे चार ड्रॉ, मग दुसऱ्या फेरीचे चार, असे येत. आर मात्र मॅट्रिक्स भरताना एक स्तंभ वरून खालपर्यंत पूर्ण भरतो, मग दुसऱ्याला हात लावतो. फोरट्रानची रीत तीच. तो व्हेक्टर जसाच्या तसा १,००० ओळी आणि ४ स्तंभांच्या साच्यात ओतला की पहिल्या स्तंभात चारही चेनच्या पहिल्या २५० फेऱ्या एकाआड एक बसतात, दुसऱ्यात २५१ ते ५००, आणि असंच पुढे. लांबी जुळते, मिती जुळतात, एरर येत नाही, वॉर्निंगही येत नाही.

इथे एक बारकावा आहे. अशा मांडणीत स्तंभ म्हणजे काळाचे चार तुकडे झाले. म्हणून चेन काळानुसार एका दिशेला सरकत असतील तर आर-हॅट थोडा वाढतोही. गेवेक यांची १९९२ चीच चाचणी चेनचा सुरुवातीचा भाग शेवटच्या भागाशी ताडून बघते. आमचा आर-हॅट नकळत त्याच जातीच्या प्रश्नाचं उत्तर देत होता. चेन एकमेकींशी सहमत आहेत का, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

खूण ऑटोकोरिलेशनच्या आलेखात असते

ट्रेस, रँक, आर-हॅटची रेषा, हे सगळे या मिसळीला फसतात. ऑटोकोरिलेशनचा आलेख फसत नाही. चेन एकाआड एक विणल्या असतील तर दर चौथा ड्रॉ त्याच चेनचा असतो, म्हणून लॅग (दोन ड्रॉमधलं अंतर) ४, ८, १२ ला काठ्या उंच आणि मधल्या खुज्या, कधी शून्याखालीसुद्धा. तीन चेन असतील तर ३, ६, ९. खऱ्या चेनचं ऑटोकोरिलेशन साधारणपणे हळूहळू उतरत जातं. चेनच्या संख्येच्या पटीत उसळणाऱ्या काठ्या दिसल्या तर दुसरं काही शोधू नका.

त्या विद्यार्थिनीने पाठवलेल्या आलेखांत ही काठी होती. मी पाहिलीही होती. पण आर-हॅट १.०० वाचून झाल्यावर ती माझ्या नजरेत भरली नाही.

दुसरी खूण ट्रेस प्लॉटमध्येच असते, फक्त पूर्ण १,००० फेऱ्या एका बोटभर रुंदीत कोंबल्या की ती दिसेनाशी होते. पहिल्या ४०-५० फेऱ्याच काढून बघा. मिसळ असेल तर रेषा चार मात्रांच्या ठेक्यासारखी नाचते: वर, खाली, मध्ये, अगदी खाली, पुन्हा वर. दुरून तीच रेषा ‘छान मिक्सिंग’ वाटते. म्हणून आता आमच्या ट्रेस प्लॉटखाली पहिल्या ५० फेऱ्यांची एक छोटी पट्टी आपोआप येते. ती पट्टी जोडायला फार वेळ लागला नाही, आणि माझ्या मते सगळ्या आलेखांत आमच्या सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट तीच.

याचा परिणाम प्रभावी नमुनासंख्येवरही (सगळे ड्रॉ मिळून किती स्वतंत्र ड्रॉएवढे मोलाचे, त्या आकड्यावरही) होतो, ते लक्षात ठेवा. लॅग १ ला ऑटोकोरिलेशन खोटं कमी दिसलं की तो हिशोब लवकर थांबतो आणि संख्या फुगून येते. म्हणजे आर-हॅट आणि प्रभावी नमुनासंख्या दोन्ही एकाच कारणाने एकमेकींना दुजोरा देतात. दोन आकडे जुळले म्हणून निर्धास्त होऊ नका, दोन्ही त्याच मॅट्रिक्समधून आलेले असतात.

तीनदा का परत आला

पहिल्या वेळी आम्ही आलेखाच्या फंक्शनमध्येच मॅट्रिक्स ओळीनुसार भरायला लावला. आलेख बरोबर झाले. पण तक्ता छापणारं फंक्शन ड्रॉची घडी, म्हणजे लांब व्हेक्टरचा मॅट्रिक्स, स्वतःच घालत होतं, ते तसंच राहिलं. काही आठवड्यांनी कोणीतरी कळवलं की आलेख आणि तक्ता जुळत नाहीत. तक्ता जुना, आलेख नवा, म्हणून आमच्यातल्या एकाला वाटलं की चूक आलेखात असणार. त्याने आलेखाला तक्त्याचा मॅट्रिक्स जोडून दिला. दोष परत.

दुसऱ्या वेळी दोन्ही दुरुस्त केले. त्याच सुमारास चेन वेगवेगळ्या कोअरवर समांतर चालवायची सोय आली होती. त्या वाटेने प्रत्येक चेनचा मॅट्रिक्स वेगळा, आधीच नीट लावलेला येतो. आमच्या दुरुस्तीने तोही उलटवला. आता गंमत अशी झाली की लॅपटॉपवर एका कोअरवर चालवलं तर बरोबर, प्रयोगशाळेतल्या मोठ्या मशीनवर चूक. ‘माझ्याकडे तर बरोबर येतं’ हे वाक्य त्या दिवसांत आम्ही एकमेकांना किती वेळा ऐकवलं त्याला हिशोब नाही.

तिसरी वेळ सर्वात वाईट. थिनिंगचा (दर काही ड्रॉंमागे एकच ठेवण्याचा) पर्याय कोणीतरी त्या लांब व्हेक्टरवरच लावला, घडी घालण्याच्या आधी. चार चेन एकाआड एक असताना दर चौथा ड्रॉ ठेवला की काय उरतं? फक्त पहिली चेन. बाकी तिघींचा पत्ता नाही, आणि त्या एका चेनचे चार तुकडे चार चेन म्हणून रंगवले जातात. ५ चं थिनिंग लावलं तर चारही चेन आळीपाळीने येतात, म्हणजे पुन्हा मिसळ. वापरणाऱ्याने थिनिंग ४ ठेवलं की ५, यावर आलेखाचा अर्थच बदलत होता.

तिन्ही वेळा मूळ एकच: ड्रॉची घडी चार-पाच ठिकाणी घातली जात होती आणि प्रत्येक ठिकाणी मांडणीबद्दल वेगळा समज होता. एका ठिकाणची घडी सुधारली की दुसरीकडची बिघडायची.

कायमचा उपाय

ड्रॉ सॅम्पलरमधून बाहेर येतात तिथे एकच फंक्शन ठेवा. तेच त्यांना तीन मितींच्या ॲरेत मांडेल: फेरी, चेन, पॅरामीटर, आणि तिन्ही मितींना नावं देईल. एका कोअरची वाट, समांतर वाट, सगळ्यांनी याच दारातून आत यायचं. थिनिंग आणि वॉर्म-अप (सुरुवातीच्या टाकून द्यायच्या फेऱ्या) काढणं हे त्या ॲरेच्या फेरीच्या मितीवरच करायचं, त्याआधी नाही. आलेखाच्या फंक्शनला साधा मॅट्रिक्स दिला तर त्याने अंदाज बांधू नये, सरळ थांबावं आणि स्पष्ट सांगावं की चेनची ओळख नसलेले ड्रॉ चालणार नाहीत. आमच्यात यावर वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की नवख्या माणसाला एरर बघून धास्ती बसेल. मला वाटतं, धास्ती बसलेली परवडते.

स्वतःचा साचा शोधत बसायचीही गरज नाही. आरमधल्या कोडा पॅकेजची चेनची यादी याच कामासाठी आहे: प्रत्येक चेनचा वेगळा मॅट्रिक्स, सोबत पहिली फेरी, शेवटची फेरी आणि थिनिंग नोंदलेलं. जॅग्स हा तयार सॅम्पलर वापरणाऱ्यांना ती आयतीच मिळते. नवीन काही लिहित असाल तर पोस्टेरियर पॅकेजचा तीन मितींचा ॲरे घ्या. फक्त पायथनकडे ये-जा असेल तर सावध राहा. स्टॅन या सॅम्पलरचा आरमधला ॲरे फेरी, चेन, पॅरामीटर या क्रमाने असतो, पायथनच्या आर्विझ पॅकेजमध्ये आधी चेन आणि मग ड्रॉ असतो, शिवाय पायथनचं नमपाय मुळातच ओळीनुसार भरतं. पुलावरून जाताना मितींची नावं सोबत न्या, क्रमावर विसंबू नका.

आता तपासणी. आमच्याकडे आधीही टेस्ट होत्या आणि त्या सगळ्या पास व्हायच्या. पण त्या एका सोप्या, पटकन कन्व्हर्ज होणाऱ्या मॉडेलवर बेतलेल्या होत्या. चेन खरोखर एकत्र मुरलेल्या असतील तर पिसल्या काय आणि न पिसल्या काय, आर-हॅट १.०० च येणार. ताप नसलेल्या माणसाला लावून थर्मामीटर तपासल्यासारखं ते होतं.

म्हणून दोन टेस्ट घाला. पहिलीला आम्ही ओळखचिठ्ठी म्हणतो. सॅम्पलरच्या जागी नकली आकडे सोडा: पॅरामीटरचा क्रमांक गुणिले १०,००,०००, अधिक चेनचा क्रमांक गुणिले १०,०००, अधिक फेरीचा क्रमांक. तिसऱ्या पॅरामीटरचा, दुसऱ्या चेनचा, सतराव्या फेरीचा ड्रॉ म्हणजे ३०,२०,०१७. हे आकडे पूर्ण वाटेने जाऊ द्या आणि शेवटी आलेखाच्या हातात जो डेटा पडतो तो वाचा. दुसऱ्या चेनच्या रंगात ३०,२०,००१, ३०,२०,००२, ३०,२०,००३ असे ओळीने दिसले पाहिजेत. एकही इकडचा तिकडे असेल तर आकडाच सांगतो की तो कुठून भरकटला. एक काळजी घ्या: फेऱ्या, चेन आणि पॅरामीटर यांच्या संख्या वेगवेगळ्या आणि एकमेकींना भाग न जाणाऱ्या ठेवा. आम्ही १९ फेऱ्या, ३ चेन, ५ पॅरामीटर घेतो. ४-४-४ घेतलं तर उलटलेली मिती सरळ मितीसारखीच दिसते. ही टेस्ट प्रत्येक वाटेवर चालली पाहिजे: एक कोअर, अनेक कोअर, थिनिंगसह, थिनिंगशिवाय.

दुसरी टेस्ट म्हणजे वरची सरासऱ्या ०, १, २, ३ वाली नापास चेन. गेलमन-रुबिन यांच्या जुन्या सूत्राने आर-हॅट १.६३ च्या आसपास आलाच पाहिजे. १.०० आला तर टेस्ट पडली आणि आवृत्ती बाहेर जाणार नाही.

याच आलेखांच्या इतर तक्रारी

या दोषासोबत आणखीही बऱ्याच तक्रारी येतात. त्या लहान आहेत, पण काही थेट कन्व्हर्जन्सच्या अर्थाशी भिडतात.

‘वाय-लिमच्या किमती फायनाइट हव्यात’ (उभ्या अक्षाच्या मर्यादा ठरवता येत नाहीत) असा एरर येऊन आलेख थांबतो, तेव्हा बहुतेक वेळा एखादा पॅरामीटर स्थिर असतो. संदर्भ खुंटाचा गुणांक आपणच शून्यावर बांधलेला, किंवा कोरिलेशन मॅट्रिक्सचा कर्ण कायम १. आर-हॅट म्हणजे शून्य भागिले शून्य. इथे घाईने ‘स्थिर पॅरामीटर गाळा’ असं लिहू नका, आम्ही आधी तेच केलं होतं. मेट्रोपोलिसची (नवी किंमत सुचवून ती स्वीकारायची की नाकारायची ते ठरवणारी) पायरी एकदाही स्वीकारली गेली नाही तर ती चेनसुद्धा स्थिर दिसते, आणि ती खरी धोक्याची घंटा आहे. मॉडेलने आपणहून जाहीर केलेले स्थिर पॅरामीटर वेगळे ठेवा. त्या यादीत नसलेला पॅरामीटर हलत नसेल तर चौकट रिकामी सोडू नका, त्यावर ठळक लिहा.

कोडाच्या आर-हॅटमध्ये मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट नसल्याची तक्रार आली तर बागांच्या परिणामांची बेरीज शून्य असल्यासारखं बंधन शोधा. बहुचल आर-हॅटचा पर्याय बंद केला की काम भागतं.

आमचा आर-हॅट १.०८ आणि कोडाचा १.०२, असं का? कोडा सुरुवातीची फेरी निम्म्याच्या अलीकडे दिसली तर पहिला अर्धा भाग आपोआप सोडून देतो. वॉर्म-अप आधीच काढलेला असूनही नोंद ‘पहिल्या फेरीपासून’ अशी राहिली, तर तो पुन्हा अर्धं कापतो. मॅट्रिक्स कापून नव्याने गुंडाळताना ही नोंद हमखास १ वर जाते. आडव्या अक्षावरचे फेऱ्यांचे आकडे खोटे वाटले तर हेच कारण.

‘रेषा अगदी सरळ आली, म्हणजे कन्व्हर्ज झालं ना?’ हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा येतो. चेन ५,००० पासून सुरू होऊन दहाव्या फेरीत ३ जवळ आली की उभा अक्ष ५,००० पर्यंत ताणला जातो आणि उरलेला सगळा भाग सपाट होतो. ३ च्या आसपास चेन कशीही भरकटत असो, दिसणार नाही. अक्षाची मर्यादा वॉर्म-अपनंतरच्या ड्रॉवरून ठरवा आणि वॉर्म-अप वेगळ्या चौकटीत दाखवा. तसंच प्रत्येक पॅरामीटरच्या चौकटीला स्वतःचा उभा अक्ष द्या.

३०० झाडं, ४ चेन, २,००० फेऱ्या म्हणजे २४ लाख बिंदू. ते सगळे पीडीएफमध्ये ओतले की फाइल उघडत नाही. आम्ही आता सर्वात वाईट सहाच पॅरामीटर आपोआप काढतो, आर-हॅट आणि प्रभावी नमुनासंख्या दोन्ही बघून निवडलेले. कोणाला सगळे हवे असतील तर मागावेत. काढण्यासाठी बिंदू विरळ करायला हरकत नाही, पण आकडेमोड पूर्ण ड्रॉवरच करा.

मराठी नावांचा घोळ तर आपलाच. बागांची नावं देवनागरीत दिली की आरच्या साध्या पीडीएफमध्ये त्यांच्या जागी टिंबं येतात. कैरो या चित्रलायब्ररीवर चालणारं पीडीएफ डिव्हाइस वापरा. पडद्यावर किंवा पीएनजीत वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडत असतील तर रॅग पॅकेज वापरा, ते अक्षरं नीट जोडतं. फाँट मशीनवर आहे का, ते आधी बघा. काटोल, नरखेड ही नावं आलेखावर नीट दिसली की पोरं तो आलेख आपला मानून बघतात, हे मी पाहिलंय. म्हणून हा विषय मी बारीक मानत नाही.

‘फिगर मार्जिन्स टू लार्ज’ असा एरर आला तर आलेखाची खिडकी ओढून मोठी करा. बस, एवढंच.

उंबरठ्याबद्दल एक सांगून पुढे जाते. १.१ चा जुना नियम अजून प्रबंधांमध्ये दिसतो. वेहतारी, गेलमन आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या लेखानंतर १.०१ धरणं योग्य, तेही रँकवर आधारलेल्या नव्या आर-हॅटने. जुना आर-हॅट फक्त सरासऱ्यांकडे बघतो. चेनच्या सरासऱ्या सारख्या आणि पसारा वेगळा असेल तर तो गप्प बसतो. त्यांनीच सुचवलेला दुसरा निकष म्हणजे प्रभावी नमुनासंख्या किमान ४००. आमच्या आलेखांवर रेघ आता १.०१ ला आहे.

त्या विद्यार्थिनीचं काय झालं

चेन नीट लावून तिचे आलेख पुन्हा काढले. चार रंग, चार वेगळ्या उंच्या, आणि प्रत्येक रंग गोगलगायीच्या गतीने सरकणारा. खुंटाच्या गुणांकाचा आर-हॅट १.०१ च्या कितीतरी वर. हे सगळं पहिल्या दिवसापासून ड्रॉमध्ये होतं.

कारण तिच्या डेटात सापडलं. रंगपूरवरची सगळी झाडं एकाच बागेत होती आणि त्या बागेत जंबेरीचं एकही नव्हतं. त्यामुळे गळ कमी आहे ती खुंटामुळे की त्या बागेच्या मातीपाण्यामुळे, हे मॉडेलला सांगताच येईना. खुंटाचा परिणाम वाढवला की बागेचा तेवढाच घटतो, बेरीज कायम. आम्ही बेरजेचा ट्रेस काढला तर तो खरोखर सपाट होता, चारही रंग एकत्र. सुटे सुटे काढले की भरकटलेले. अशा अरुंद धारेवर गिब्ज सॅम्पलर फार हळू चालतो. दोन पॅरामीटरमधलं कोरिलेशन ०.९९ असेल, तर दोघांना आळीपाळीने हलवणाऱ्या गिब्जमध्ये लॅग १ चं ऑटोकोरिलेशन त्याच्या वर्गाएवढं म्हणजे ०.९८ होतं, आणि १,००० ड्रॉची किंमत साधारण १० स्वतंत्र ड्रॉएवढी उरते. आधी आमचं पॅकेज तिथे हजारांत आकडा छापत होतं.

मी तिला स्वच्छ सांगितलं की फेऱ्या दहापट केल्या तर चेन एकत्र येतीलही, पण उत्तर प्रायरचं असेल, बागेचं नाही. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “म्हणजे दोन्ही खुंट एकाच बागेत पाहिजेत.” पुढच्या हंगामात तिने नरखेड तालुक्यातल्या अशा दोन बागा शोधल्या आणि तिथली झाडं मोजून आणली.

नव्या डेटावर मॉडेल तीन वेगळ्या सीडने चालवलं. तिन्ही वेळा चेन एकत्र, आर-हॅट १.०१ च्या आत, आणि खुंटांमधल्या फरकाची पट्टी तिन्ही वेळा त्याच जागी, शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. त्या दोन बागांपुरतं खुंटाने फरक पडतो असं डेटा सांगत नाही, आणि तिने प्रबंधात तेवढंच लिहिलं. शेजारी ट्रेस प्लॉट लावला, खाली पहिल्या ५० फेऱ्यांची पट्टी ठेवून.